एका दुपारची चौकशी आणि साक्षीदारांच्या बदल्या : आमच्या शिक्षण संस्थेच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव व संचालक मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

महोदय,

आपल्या मंडळाच्या मागील बैठकीत एकामागोमाग तीन निर्णय झाले. एका कनिष्ठ लिपिकाने कार्यालय अधीक्षकांविरुद्ध दिलेली छळाची तक्रार ‘तथ्य आढळून न आल्याने’ नस्तीबंद करण्यात आली. त्यानंतर ‘प्रशासकीय सोय’ या कारणाखाली काही बदल्या मंजूर झाल्या. त्यांत माझी बदली दुसऱ्या तालुक्यातील शाखेत झाली, आणि त्याच यादीत या तक्रारीत माझ्यासोबत साक्ष दिलेल्या शिपाईदादांचेही नाव आहे. शेवटी सर्व शाखांना परिपत्रक गेले की कोणत्याही कर्मचाऱ्याने संस्थेच्या पूर्वपरवानगीशिवाय बाहेरील कोणत्याही कार्यालयाकडे तक्रार करू नये, अन्यथा शिस्तभंगाची कारवाई होईल. विषयपत्रिकेवर हे तीन विषय वेगवेगळ्या क्रमांकांखाली असले, तरी परिपत्रक वाचणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने ते एकत्रच वाचले आहेत.

या निर्णयांचा फेरविचार व्हावा असा लेखी अर्ज मी योग्य मार्गाने, मुख्याध्यापकांच्या शिफारशीसह दिला. त्याला आवक क्रमांक मिळाला, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. त्यात संस्थेचे, गावाचे, तक्रारदाराचे किंवा अधीक्षकांचे नाव घेतलेले नाही. अशा चौकशीतील गोपनीयता दोन्ही बाजूंना मिळायला हवी, असे माझे मत आहे आणि ते मी आधी स्वतः पाळले पाहिजे. आपणांस ही संस्था कोणती हे सांगण्याची गरज नाही. बाकीच्यांचे म्हणाल, तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत अशा अनेक संस्था आहेत ज्यांच्या कर्मचाऱ्यांना हे पत्र आपल्याच कार्यालयाबद्दल आहे असे वाटेल.

तक्रार काय होती, हे मंडळातील किती सदस्यांनी मूळ कागदावर वाचले आहे याची मला शंका आहे, म्हणून थोडक्यात सांगते. तक्रारदार अक्राणी तालुक्यातील पावरा समाजाचा तरुण आहे, घरातला पहिला पदवीधर. तो रुजू झाल्यापासून कार्यविभाजनाच्या आदेशात ‘शालार्थ’ या शासनाच्या ऑनलाइन वेतनप्रणालीवरची वेतनदेयके, शिष्यवृत्तीचे अर्ज, यू-डायसची (शाळांच्या वार्षिक आकडेवारीची) माहिती आणि आवक-जावक असा चौघांचा भार एकट्याच्या नावावर लिहिला गेला. शालार्थचा पासवर्ड मात्र त्याला वेळेवर दिला जात नसे आणि देयकास उशीर झाला की संपूर्ण शिक्षकवृंदासमोर जाब त्यालाच विचारला जाई. त्याच्या टिपणीतील शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल गोल काढून त्यांचे फोटो कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले जात. ‘सातपुडा उतरून आला, डोके वरच ठेवून आला’ हे वाक्य मी स्वतः एकापेक्षा अधिक वेळा ऐकले आहे. आईशी फोनवर पावरी भाषेत बोलत असताना ‘हापिसात माणसांची भाषा बोलायची’ असे त्याला सुनावले गेले, तेही मी ऐकले आहे. अधीक्षक साहेब स्वतः दिवसभर फोनवर अहिराणीत बोलतात, आम्हीही बोलतो. त्यात कोणाला वावगे वाटत नाही आणि वाटूही नये. सर्वांत जिव्हारी लागणारी धमकी ‘तुझ्या व्हॅलिडिटीची फाइल पुन्हा उघडायला लावतो’ ही होती. जात वैधता प्रमाणपत्रावर ज्याची नोकरी उभी आहे आणि ज्याने ते समितीसमोर रीतसर उभे राहून मिळवले आहे, त्याला या एका वाक्याने किती रात्री झोप लागत नाही, हे खान्देशात कोणाला समजावून सांगावे लागू नये.

यांतील प्रत्येक गोष्ट खरीच आहे असे मंडळाने माझ्या सांगण्यावरून मानावे, अशी माझी मागणी नाही. त्या तपासल्या जायला हव्या होत्या आणि त्या तपासल्या गेल्या नाहीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता चौकशी कशी झाली ते पाहू.

चौकशी अधिकारी म्हणून मंडळातील ज्या सन्माननीय सदस्यांची नेमणूक झाली ते अधीक्षकांचे व्याही आहेत. व्याही असणे हा काही दोष नाही. आपल्या भागात तालुक्याच्या गावी कोणी ना कोणाचा पाहुणा निघतोच. लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा चाळला तर अर्धे मंडळ आणि अर्धा कर्मचारीवर्ग एकमेकांच्या नात्यात सापडेल. पण नेमके याच कारणासाठी अशा चौकशीत गावाबाहेरची, संस्थेशी देणेघेणे नसलेली एक तरी व्यक्ती असणे आपल्याकडे इतर ठिकाणांपेक्षा जास्त गरजेचे आहे. शिवाय तक्रारीतील एक प्रसंग स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या बैठकीत घडला, तेव्हा हे सदस्य त्या सभागृहात हजर होते. त्यांनी चौकशीत सर्वांसमोर ‘माझ्यादेखत असे काही घडलेले नाही’ असे सांगितले आणि तो मुद्दा तिथेच निकाली काढला. म्हणजे साक्षही त्यांचीच, निवाडाही त्यांचाच. उत्तर प्रदेशातील महंमद नूह या हेड कॉन्स्टेबलच्या प्रकरणात चौकशी करणारा अधिकारी स्वतःच साक्षीदार झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच ती चौकशी नैसर्गिक न्यायाला धरून नाही असे ठरवले होते. इतक्या जुन्या आणि इतक्या साध्या तत्त्वाची आठवण आपणांस करून द्यावी लागावी, हे खेदाचे आहे.

चौकशी एका दुपारी, अधीक्षकांच्याच दालनात झाली. तक्रारदार, मी आणि शिपाईदादा यांना एकत्र उभे करून प्रश्न विचारले गेले आणि अधीक्षक साहेब त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसून होते. ज्याच्या हातात आपली रजा, आपली वेतनवाढ आणि आपला गोपनीय अहवाल आहे त्याच्या टेबलासमोर उभे राहून त्याच्याविरुद्ध बोलायचे, ही साक्ष घेण्याची पद्धत आहे की साक्ष न मिळू देण्याची, याचा निर्णय मी वाचकांवर सोपवते. दालनात शिरण्याआधी शिपाईदादा मला हळूच म्हणाले होते, ‘ताई, खरं सांगसू ते मनी नोकरी जाई’ (खरे सांगितले तर माझी नोकरी जाईल). तरीही ते खरे बोलले. आम्ही तोंडी सांगितलेले अधीक्षकांच्याच हाताखालील सहायकाने लिहून घेतले. मी सही करण्यापूर्वी वाचायला मागितले, तेव्हा ‘विश्वास नाही का?’ असे विचारण्यात आले. वाचल्यावर दिसले की मी ‘ऐकले’ असे सांगितले होते तिथे ‘ऐकल्याचे आठवते’ असे लिहिले होते आणि व्हॅलिडिटीच्या धमकीचा उल्लेखच नव्हता. मी दोन्ही दुरुस्त्या स्वतःच्या हाताने लिहून, तारीख घालून सही केली. ती प्रत आज नस्तीत आहे की नाही, हे मंडळाने एकदा पाहावे.

कागदपत्रे मागवलीच गेली नाहीत. कार्यविभाजनाचा आदेश, हजेरी मस्टर, पासवर्ड कोणाला कधी दिला याची नोंद, व्हॉट्सअॅप गटावरील संदेश, हे सर्व कार्यालयातच होते. अशा तक्रारीत माणसे घाबरतात, विसरतात, कधी वाढवूनही सांगतात. म्हणूनच कागद आधी पाहायचे असतात. मस्टरवरील उशिराच्या लाल खुणा कोणाच्या नावापुढे आहेत आणि कोणाच्या नावापुढे नाहीत, हे पाहायला दहा मिनिटे पुरली असती.

मग अहवाल आला म्हणतात. तो तक्रारदाराला मिळालेला नाही. मंडळाच्या ठरावातील एक ओळ सूचना फलकावर लावली गेली, आणि परिपत्रकात ‘काही कर्मचारी हेतुपुरस्सर खोट्या तक्रारी करून संस्थेची बदनामी करत आहेत’ असे वाक्य आले. तक्रार सिद्ध न होणे आणि ती खोटी असणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याच्या कलम १४ मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे की केवळ आरोप शाबित करता आला नाही किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही, म्हणून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही. तक्रार दुष्ट हेतूने केली हे वेगळी चौकशी करून सिद्ध करावे लागते. आमची तक्रार त्या कायद्याखालील नव्हती, हे मला माहीत आहे. पण एका छळाच्या बाबतीत जे न्याय्य, ते दुसऱ्या छळाच्या बाबतीत अन्याय्य कसे होईल?

चौकशीत वारंवार एकच प्रश्न विचारला गेला: ‘दालनात हे बोलले तेव्हा तिथे तिसरे कोण होते?’ कोणी नव्हते. दार बंद करून बोललेले ऐकायला तिसरा कोण असणार? खात्याअंतर्गत चौकशीला फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. उपलब्ध साक्षी आणि कागद पाहता काय घडले असण्याची शक्यता अधिक आहे, हे पाहावे लागते. न्यायालयांनी हे अनेकदा सांगितले आहे, आणि संस्थेला एखाद्या शिक्षकावर कारवाई करायची असते तेव्हा आपण स्वतःही हीच मोजपट्टी वापरता.

त्या तरुणाने थेट पोलिसांत का जाऊ नये, असे मला मंडळातील एका हितचिंतकाने विचारले. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ आहे, त्याखालील गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो, हेही खरे. पण त्या कायद्याच्या कलम ३ मधील अपमानाचा गुन्हा सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी घडलेला असावा लागतो, आणि चार भिंतींच्या आत, कोणी त्रयस्थ नसताना झालेले बोलणे त्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात म्हटले. शिक्षकवृंदासमोरचे बोलणे त्यात बसेल, दालनातले बसणार नाही. याहून मोठी अडचण अशी की या तरुणाला कोणाला तुरुंगात पाठवायचे नव्हते. त्याने अर्जाच्या शेवटी लिहिले होते की मला कामाची वाटणी नीट करून द्यावी आणि माझ्या भाषेवरून व समाजावरून बोलणे थांबवावे. इतकी माफक मागणी घेऊन जो संस्थेच्या दाराशी येतो, त्याला संस्थेने दार लावून घेतले तर त्याच्यापुढे पोलीस ठाणे नाहीतर राजीनामा एवढेच उरते.

आता कायद्याबद्दल मला जे थोडेफार कळले आहे ते मांडते, कारण ‘असा कोणता कायदाच नाही’ हे वाक्य या प्रकरणात मला वरचेवर ऐकवले गेले.

ते अर्धे खरे आहे. कामाच्या ठिकाणी वरिष्ठाने किंवा सहकाऱ्याने सतत केलेल्या मानसिक छळासाठी आपल्या देशात स्वतंत्र कायदा नाही. लैंगिक छळापुरता मात्र तो आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालाने त्याचा पाया घातला आणि २०१३ च्या कायद्याने त्याला रूप दिले. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती, तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ पदावरील महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, आणि एक सदस्य बाहेरची. तक्रारीची प्रत सात कामकाजी दिवसांत समोरच्या व्यक्तीला द्यायची, त्याला उत्तरासाठी दहा कामकाजी दिवस, चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण, अहवाल दोन्ही बाजूंना, आणि शिफारशींवर साठ दिवसांत अंमल. चौकशी चालू असताना तक्रारदार महिलेने लेखी विनंती केली तर तिची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची बदली सुचवता येते. साक्षीदारांना उचलून दुसऱ्या तालुक्यात टाकावे, असे त्यात कुठेही नाही. (जाता जाता: आपल्या संस्थेच्या मुख्य इमारतीत या समितीचा फलक आहे. त्यावरील अध्यक्षा मॅडम केव्हाच सेवानिवृत्त झाल्या आहेत, आणि सदस्यांत माझे नाव आहे, जे मला तो फलक पाहून कळले. समितीच्या बैठकीची सूचना मला कधीही मिळालेली नाही.)

आपल्या शाळांना लागू असलेली नियमावली याहून जुनी आहे. महाराष्ट्रातील खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम १९७७ चा आणि नियम १९८१ चे. संस्थेला एखाद्या शिक्षकाला किंवा लिपिकाला मोठी शिक्षा करायची असेल तर नियम ३६ प्रमाणे तीन जणांची चौकशी समिती नेमावी लागते: एक व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, एक त्या कर्मचाऱ्याने स्वतः निवडलेला, आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतील. चौकशी सामान्यतः १२० दिवसांत संपवायची. सेवेतून काढले तर तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील. ही तरतूद उत्तम आहे, कारण ज्याची रोजीरोटी पणाला लागली आहे त्याचा एक माणूस समितीत असतो. मात्र तोच कर्मचारी जेव्हा वरिष्ठाविरुद्ध तक्रार घेऊन येतो, तेव्हा त्याच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. वरून खाली कारवाई करायची तर तीन जण आणि चार महिने. खालून वर तक्रार आली तर एक व्याही आणि एक दुपार. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मूळ इथे आहे. अधीक्षक साहेब उद्या बदलतील, ही विषम व्यवस्था तशीच राहील आणि पुढच्या अधीक्षकाच्या काळातही हेच घडेल.

जगात इतरत्र या विषयावर नियम झाले आहेत. स्वीडनने १९९३ मध्ये, फ्रान्सने २००२ मध्ये कामावरील मानसिक छळाविरुद्ध तरतुदी केल्या. ऑस्ट्रेलियात २०१४ पासून कर्मचारी थेट फेअर वर्क कमिशन या तिथल्या कामगारविषयक न्यायाधिकरणाकडे जाऊन छळ थांबवण्याचा आदेश मागू शकतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०१९ मध्ये कामाच्या जगातील हिंसा व छळ यांवरील करार क्रमांक १९० स्वीकारला. त्यात तक्रारदारांबरोबरच साक्षीदारांनाही सूडाच्या कारवाईपासून संरक्षण द्यावे, असे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. भारताने त्याला अनुसमर्थन दिलेले नाही. पण आपल्याच राज्यात, कारखान्यांतील कामगारांसाठी १९७१ मध्ये झालेल्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याने, व्यवस्थापनाच्या धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने केलेली बदली ही अनुचित प्रथा ठरवलेली आहे. तो कायदा शाळांसाठी लिहिलेला नाही असे आपण म्हणाल. बदलीमागचा हेतू पाहिला पाहिजे, हे तत्त्व तर शाळेच्या फाटकाशी येऊन थांबत नाही ना?

मंडळातील काही सदस्यांना मनापासून काळजी वाटते की असे नियम केले तर उद्या प्रत्येक रागावण्याची तक्रार होईल आणि कार्यालय चालवणे अवघड होईल. ही भीती अगदीच अनाठायी नाही. मी स्वतः कनिष्ठांकडून कामे करून घेतली आहेत आणि वेळप्रसंगी आवाजही चढवला आहे. देयक चुकले तर जाब विचारणे, उशिरा येणाऱ्याला मेमो देणे, काम न जमणाऱ्याच्या गोपनीय अहवालात तसे लिहिणे, हा वरिष्ठाचा अधिकार आहे आणि कर्तव्यही आहे. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातही वाजवी रीतीने केलेली वाजवी व्यवस्थापकीय कारवाई छळ मानली जात नाही. पुन्हा पुन्हा केलेले, अवाजवी, आणि कर्मचाऱ्याच्या आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका निर्माण करणारे वर्तन तेवढे त्यात येते. चूक दाखवून देणे वेगळे आणि त्या चुकीचा फोटो चाळीस जणांच्या गटावर टाकून खाली हसण्याची चिन्हे लावणे वेगळे. चूक कोणाचीही दाखवावी. पण एकाच समाजाच्या, एकाच भाषेच्या माणसाच्या चुका तेवढ्या रोज दिसाव्यात, हे कामकाज नव्हे.

आणि चौकशी नीट होण्यात अधीक्षक साहेबांचेही हित आहे, हे मी मनापासून लिहीत आहे. त्यांना आरोपांची मुद्देसूद लेखी प्रत मिळाली नाही, त्यांनी लेखी उत्तर दिले नाही, आम्हाला उलट प्रश्न विचारण्याची संधी त्यांनाही रीतसर मिळाली नाही. आज ते निर्दोष असतील तरी गावात कोणी तसे मानत नाही; सगळे म्हणतात की व्याह्यांनी वाचवले. उलट, ते दोषी ठरले असते तरी अशा चौकशीवर आधारलेली शिक्षा कोणत्याही न्यायाधिकरणासमोर टिकली नसती. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्धच्या लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी २००९ मध्ये घाईघाईने उरकली गेली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच कारणावरून बडतर्फीचा आदेश रद्द केला आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. चौदा वर्षांनंतर तक्रारदारही तिथेच आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार तेही तिथेच. घाईने केलेल्या चौकशीतून दोघांपैकी कोणालाच काही मिळत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

एक गोष्ट लिहावी की नाही याचा मी बराच विचार केला. आपल्या जळगाव जिल्ह्यातील डॉ. पायल तडवी मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेत असताना २२ मे २०१९ रोजी हे जग सोडून गेल्या. तडवी भिल्ल समाजातून येऊन त्या तिथवर पोहोचल्या होत्या. वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप असून ते प्रकरण न्यायालयात आहे, त्यामुळे दोषाबद्दल मी काही बोलणार नाही. त्यांच्या आई आबेदा तडवी त्याच वर्षी उच्च शिक्षण संस्थांतील जातीय भेदभाव रोखण्याची मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्या वेळी आपल्या संस्थेनेही श्रद्धांजलीची सभा घेतली होती आणि मंडळातील अनेकांनी त्या सभेत चांगली भाषणे केली होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी मुलामुलींनी शिकावे, नोकरीत यावे, असे आपण सर्वांनीच तिथे म्हटले. ते आता येत आहेत. त्यांना कार्यालयात कसे वागवले जाते, हे पाहणे त्याच भाषणांचा पुढचा भाग आहे.

माझा स्वतःचा प्रश्न त्यामानाने लहान आहे. बदली करण्याचा अधिकार संस्थेला आहे, हे मी मान्य करते. नव्या शाखेत मी रुजू झाले आहे आणि काम करत आहे. एसटीच्या दोन गाड्या बदलून जाणे निवृत्तीला आलेल्या बाईला त्रासाचे आहे, पण सहन होण्यासारखे आहे. शिपाईदादांचे तसे नाही. त्यांची पत्नी डायलिसिसवर आहे आणि तिला दवाखान्यात नेणारे घरात दुसरे कोणी नाही, हे अधीक्षकांना आणि सचिव साहेबांना पूर्वीपासून ठाऊक होते. त्या दोन बदल्यांनंतर कार्यालयात जे दिसते ते असे: तक्रारदाराशी जेवणाच्या सुट्टीत कोणी बोलत नाही, कारण बोलणाऱ्याचे नाव पुढच्या यादीत येईल अशी सर्वांची समजूत झाली आहे.

म्हणून मंडळाकडे माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

तक्रार नस्तीबंद करण्याचा ठराव मागे घ्यावा आणि चौकशी मुळापासून पुन्हा करावी. ती तीन जणांच्या समितीने करावी, नियम ३६ च्या धर्तीवर: एक मंडळाचा, एक कर्मचाऱ्यांनी निवडलेला, आणि एक संस्थेबाहेरील, कोणाचाही पाहुणा नसलेला, शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातील निवृत्त न्यायिक किंवा शिक्षण अधिकारी. समितीत अनुसूचित जमातीची किमान एक व्यक्ती असावी. तक्रारीतील प्रत्येक मुद्द्यावर स्वतंत्र निष्कर्ष कारणांसह लिहावा, साक्षी एकेकट्याच्या आणि त्रयस्थ जागी घ्याव्यात, साक्षीची प्रत साक्षीदाराला द्यावी, आणि अहवाल तक्रारदार व अधीक्षक दोघांनाही द्यावा. नव्वद दिवस पुरेसे आहेत. तोवर तक्रारदाराचा गोपनीय अहवाल अधीक्षकांनी लिहू नये, एवढा अंतरिम आदेश काढायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

शिपाईदादांची बदली तात्काळ रद्द करावी. माझी बदली रद्द करा असे मी म्हणत नाही. पण ती कोणत्या प्रशासकीय सोयीसाठी झाली, हे एका लेखी ओळीत मला कळवावे.

बाहेर तक्रार करण्यास मनाई करणारे परिपत्रक मागे घ्यावे. शिक्षणाधिकारी, पोलीस, न्यायाधिकरण किंवा लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची जिल्ह्यातील स्थानिक समिती यांच्याकडे जाण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क संस्थेच्या परिपत्रकाने हिरावून घेता येत नाही, आणि ते परिपत्रक कोणत्याही अधिकाऱ्यासमोर गेले तर अडचण संस्थेचीच होईल.

लैंगिक छळाबाबतची अंतर्गत समिती रीतसर पुनर्गठित करून तिचा नवा फलक लावावा. त्याबरोबर जात, जमात, भाषा, धर्म, अपंगत्व, लिंग किंवा अन्य कोणत्याही कारणावरून होणाऱ्या छळाच्या तक्रारींसाठी संस्थेची स्वतःची नियमावली मंडळाने ठरावाने स्वीकारावी. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण करायला सांगितलेच आहे; त्याच कागदाला हा भाग जोडता येईल. तक्रारदाराच्या किंवा साक्षीदाराच्या सेवेत चौकशीच्या काळात आणि त्यानंतर एक वर्षापर्यंत कोणताही प्रतिकूल बदल बाहेरील सदस्याच्या लेखी संमतीशिवाय करू नये, असे एक कलम त्यात असावे. मसुदा करायला कोणी तयार नसेल तर तो मी करून देईन; कच्चे टिपण तयार आहे.

संस्थेच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि या पत्राची प्रत सभासदांना द्यावी, अशी विनंती आहे. त्या सभेपूर्वी मंडळाने मला, शिपाईदादांना किंवा तक्रारदाराला बोलावले तर आम्ही तिघेही येऊ. फक्त बोलावणे लेखी असावे आणि बैठक अधीक्षकांच्या दालनात नसावी.

कळावे,

आपली विश्वासू,
संस्थेतील एक वरिष्ठ लिपिक
(सदर चौकशीतील साक्षीदार)